धागा: कागोमे जालकाचे १३५ स्फटिक नवी मुंबईत वाढवायचे आहेत. भट्टी, सीझियम, मापन आणि ‘अपारंपरिक’ म्हणण्याआधीची तपासणी

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सीझियम-व्हॅनेडियम-अँटिमनी १३५ (अणूंचं प्रमाण १:३:५, व्हॅनेडियम कागोमे म्हणजे कोपऱ्यांनी जोडलेल्या त्रिकोणांच्या जाळीत) चे स्फटिक वाढवून त्यातली अतिसंवाहकता, म्हणजे थंडीत विजेचा रोध शून्य होणं, तपासायचा विचार आहे. हाताशी आहे ते असं: आर्गॉन ग्लोव्हबॉक्स (हवा न लागू देता काम करायची बंद पेटी), रबाळे एमआयडीसीतून बनवून घेतलेली १२०० अंशांची ट्यूब भट्टी, क्वार्ट्झ सील करायचा टॉर्च, एक लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचं बारीक व्होल्टेज मोजणारं यंत्र), पावडर एक्स-रे. द्रव नायट्रोजन मिळतो, हेलियम इथे नाही.

तीन प्रश्न. वाढवायची नेमकी कृती काय? हेलियमशिवाय निदान काय दिसेल? आणि ही अतिसंवाहकता खरंच अपारंपरिक आहे का, की ते अजून ठरायचं आहे?

---

तप्तमूस

सर, कृतीपासून सुरुवात करतो. हे कुटुंब (सीझियमच्या जागी पोटॅशियम किंवा रुबिडियमही) संशोधक ब्रेंडन ऑर्टिझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलं. सीझियमवाल्यातली अतिसंवाहकता पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये आली. रीत सेल्फ-फ्लक्सची, म्हणजे जास्तीच्या सीझियम-अँटिमनीच्या वितळीतूनच स्फटिक बाहेर काढायचे.

अणूंचं प्रमाण सीझियम २०, व्हॅनेडियम १५, अँटिमनी १२०. १० ग्रॅमच्या घाण्याला सीझियम १.४७४ ग्रॅम, व्हॅनेडियम ०.४२४ ग्रॅम, अँटिमनी ८.१०२ ग्रॅम. व्हॅनेडियम आधी संपतं, त्यामुळे सगळं लागलं तरी २.४८ ग्रॅमच्या वर स्फटिक निघणार नाहीत. बाकी सगळा फ्लक्स.

वजन करताना सीझियम पहिलं घ्या. ते मिलिग्रॅमच्या हिशेबात कमी-जास्त करता येत नाही. जे पडलं ते नोंदवा आणि बाकीची दोन त्यावरून काढा: व्हॅनेडियम सीझियमच्या ०.२८७५ पट, अँटिमनी ५.४९७ पट.

सीझियम २८.५ अंशांना वितळतं. घणसोलीत मे महिन्यात एसी बंद असेल तर ग्लोव्हबॉक्समध्ये ते पाण्यासारखं वाहतं, एसी २३ वर असेल तर अँप्यूलच्या तळाशी घट्ट बसतं. दोन्ही चालतं, पण आधी ठरवून घ्या. मला वितळलेलं बरं वाटतं: अँप्यूल ३५ अंशांच्या ब्लॉकवर ठेवायची, काचेच्या ड्रॉपरने थेंब थेट अ‍ॅल्युमिना मुशीत सोडायचे. ड्रॉपरही तेवढाच कोमट हवा, नाहीतर थेंब नळीतच गोठतो. ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही ०.५ पीपीएमच्या खाली पाहिजेत. सीझियमवर सोनेरी-तपकिरी साय दिसली तर तो घाणा तिथेच थांबवा.

व्हॅनेडियमची पूड बाटलीतून थेट वापरू नका. तिच्यावर ऑक्साइड असतं. अल्कोहोल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात धुवून, निर्वातात वाळवून मगच आत न्या.

तापमान: १००० अंशांपर्यंत ताशी २००, तिथे १२ तास. मग ९०० पर्यंत ताशी ५ आणि ९०० ते ५०० ताशी १ अंश. वर जाताना २०० अंशांवर काही तास थांबा, कारण सीझियम आणि अँटिमनी एकमेकांना भिडताना बरीच उष्णता सुटते आणि घाईत मूस तडकते.

---

शीतप्रवाह

तप्तमूस दादा, सीलबद्दल लिहायचं राहिलं. मूळ कृतीत अ‍ॅल्युमिना मूस स्टेनलेस स्टीलच्या कवचात बंद केली आहे, नुसत्या क्वार्ट्झमध्ये नाही. सीझियमची वाफ गरम क्वार्ट्झ खाते. नळी आधी दुधी होते, मग तिथूनच चीर जाते.

---

तप्तमूस

बरोबर, ताई. क्वार्ट्झच वापरायचा असेल तर तीन गोष्टी पाळा. मुशीवर अ‍ॅल्युमिनाचं झाकण. क्वार्ट्झ दुहेरी, आतली नळी फुटली तर बाहेरचीने धरायला. आणि आत पूर्ण निर्वात न ठेवता ०.३ बार आर्गॉन. तो १००० अंशांवर साधारण १.३ बार होतो, म्हणजे बाहेरच्या दाबाशी जवळपास जुळतो. आर्गॉन असला की वाफेचा प्रवासही मंदावतो. नळी सील करण्याआधी आतून-बाहेरून पुसा. बोटांचे ठसे म्हणजे मीठ, आणि त्या जागी क्वार्ट्झ स्फटिकी होऊन कमजोर पडतो.

स्टीलचं कवच आर्गॉनमध्ये वेल्ड करून देणारा कारागीर टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात शोधलात तर मिळेल. माझं मत कवचाच्याच बाजूने आहे.

---

कळवा_पूर्व

विजेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ९०० ते ५०० ताशी १ अंश म्हणजे ४०० तास, सोळा दिवसांहून जास्त. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाणार हे धरूनच चाला.

कंट्रोलरमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती ‘पहिल्यापासून सुरू’ वर राहिली तर भट्टी पुन्हा १००० अंशांना जाते आणि वाढलेले स्फटिक सगळे विरघळतात. ती ‘मोजलेल्या तापमानापासून पुढे’ वर ठेवा. भट्टीला पुरेल एवढा यूपीएस परवडत नाही, पण कंट्रोलर आणि नोंदयंत्राला छोटा पुरतो. त्यामुळे तापमान किती पडलं आणि किती वेळ, हे तरी कळतं. भट्टीभोवती चांगलं इन्सुलेशन असेल तर अर्ध्या तासाचा खंड निभावतो. तापमान ५०० च्या बरंच खाली गेलं असेल तर पुन्हा चढवू नका, घाणा उघडा आणि जे आहे ते घ्या.

पहिल्या घाण्याला ताशी २ अंश ठेवा. पाती लहान येतील, पण मोजायला पुरेत. थंड करायचे तास निम्मे, धोकाही निम्मा.

---

घणसोलीकर

मन:पूर्वक आभार. उघडताना काय काळजी घ्यायची? फ्लक्स पाण्यात धुता येतो असं वाचलं.

---

तप्तमूस

पाण्याने धुतात, पण अल्कली अँटिमनाइड पाण्याला लागलं की हायड्रोजन सुटतो आणि स्टिबीन (अँटिमनी-हायड्रोजनचा वायू) ही सुटू शकतो. स्टिबीन अतिशय विषारी आहे. फ्यूमहूड चालू, काच खाली, पाणी थेंबाथेंबाने. आम्ल मुळीच नको, त्याने स्टिबीन जास्त सुटतो. शक्यतो ग्लोव्हबॉक्समध्येच गठ्ठा फोडून पाती यांत्रिकपणे सुटी करा. षटकोनी, आरशासारखी चकचकीत पाती सहज उलगडतात.

पावसाळ्यात हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो. उघड्यावर ठेवलेला फ्लक्स ओला होऊन पातीवर राखाडी थर सोडतो. मूळ स्फटिक हवेत टिकतो, खराब होतं ते त्याला चिकटलेलं. तरी पाती आर्गॉनमध्येच ठेवा.

सीझियमच्या आगीला पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नाही. कोरडी वाळू हाताशी ठेवा.

---

रेषातपास

आता हातात आलेलं पातं खरंच १३५ आहे का, ते. पातं सपाट ठेवून एक्स-रे घेतला की फक्त थरांच्या रेषा दिसतात. सी-अक्ष ९.३१ अँगस्ट्रॉम, म्हणून तांब्याच्या के-आल्फाला (नेहमीच्या यंत्रातल्या एक्स-रेला) ९.५, १९.०५, २८.७ आणि ३८.६५ अंशांपाशी.

यातली २८.७ ची रेषा भरवशाची नाही. साध्या अँटिमनीची सगळ्यात ठळक रेषा नेमकी तिथेच, २८.७ अंशांना येते. नुसती ती पाहून ‘झालं’ म्हणू नका. ९.५, १९.०५ आणि ३८.६५ बघा, आणि अँटिमनीच्या ४०.१ व ४१.९५ अंशांच्या रेषा नाहीत याची खात्री करा. त्या दिसल्या तर पात्यावर फ्लक्सचं कवच आहे, चिकटपट्टीने वरचा थर सोलून पुन्हा घ्या.

ईडीएसमध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुन्यातून निघणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं मोजायची पद्धत) अणूंचं प्रमाण ११.१, ३३.३ आणि ५५.६ टक्के यायला हवं. इथे एक अडचण आहे. सीझियमची एक एल-बीटा रेषा व्हॅनेडियमच्या के-आल्फावर, ४.९५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी, बसते. अँटिमनीची एल-गॅमा सीझियमच्या एल-आल्फाला चिकटते. सॉफ्टवेअरने आपोआप दिलेल्या आकड्यात व्हॅनेडियम जास्त दिसलं तर लगेच ‘सीझियमची उणीव’ असा निष्कर्ष काढू नका. शुद्ध व्हॅनेडियम आणि शुद्ध अँटिमनी त्याच दिवशी, त्याच व्होल्टेजला घेऊन जुळवा.

---

शीतप्रवाह

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उत्साहवर्धक आहे. हेलियमशिवाय बरंच दिसतं.

या कुटुंबात अतिसंवाहकतेच्या बऱ्याच वर सीडीडब्ल्यू, म्हणजे विद्युतभाराच्या घनतेची लाट, तयार होते. सीझियमवाल्यात ९४ केल्विनला, रुबिडियमवाल्यात १०२ च्या आसपास, पोटॅशियमवाल्यात ७८ ला. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. सीझियमचं संक्रमण त्याच्या बरंच वर, म्हणजे साध्या डिपस्टिकने (टोकाला नमुना लावून द्रवात उतरवायची काठी) मिळतं. पोटॅशियमचं अगदी उंबरठ्यावर आहे, त्यासाठी नायट्रोजनवरचा दाब पंपाने उतरवून ६५ केल्विनच्या आसपास जावं लागतं. ६३ ला तो गोठतो.

जोडण्या: २५ मायक्रॉनची सोन्याची तार, चांदीचा पेंट, चार टोकं. पातं १ मिलिमीटर रुंद, ५० मायक्रॉन जाड, व्होल्टेजच्या टोकांत १ मिलिमीटर अंतर आणि रोधकता १०० मायक्रोओम-सेंटिमीटर धरली तर रोध २० मिलिओम येतो. १ मिलिअँपिअरला २० मायक्रोव्होल्ट. लॉक-इनला हे सहज जमतं. वारंवारता १७ किंवा ३७ हर्ट्झ ठेवा, ५० आणि तिच्या पटींपासून दूर.

स्टिक ड्यूअरच्या (द्रव नायट्रोजनच्या थर्मासच्या) गळ्यातून मिनिटाला १ केल्विनहून हळू उतरवा. प्लॅटिनम थर्मामीटर पात्याच्याच तांब्याच्या ठोकळ्यात, शेजारी. उतरताना आणि चढताना असे दोन्ही वक्र घ्या. दोघांत फरक दिसला तर बहुतेक थर्मामीटर मागे पडतोय, संक्रमणाचा गुण म्हणून तो नोंदवू नका. रोधाच्या वक्रात ९४ ला बाक दिसेल. त्याचा तापमानानुसार उतार काढलात तर तिथे टोकदार शिखर येतं. शिखर रुंद असेल तर स्फटिक एकसारखा नाही किंवा त्यावर ताण आहे.

---

मुक्तइलेक्ट्रॉन

ताईंनी ताण म्हटलं, त्यावर थांबायला हवं. या पदार्थात सगळ्यात जास्त गोंधळ तिथूनच होतो.

पातं वार्निशने पूर्ण पाठीवर चिकटवलं की थंड होताना खालचा तांबं किंवा सफायर वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि पातं ओढलं जातं. १३५ त्याला फार संवेदनशील आहे. सी-दिशेची लांबी बदलली की सीडीडब्ल्यू आणि अतिसंवाहकता उलट दिशांना सरकतात. काही गटांनी प्रतलातल्या दिशांमध्ये रोधाचा फरक मोजला आणि त्यावरून इलेक्ट्रॉन स्वतःहून एक दिशा निवडतात असं मांडलं. २०२४ मध्ये ताण जवळजवळ शून्य राहील अशा मऊ स्प्रिंगांवर पातं टांगून मोजलं, तेव्हा तो दिशाभेद नाहीसा झाला. किंचित ताण किंवा सी-दिशेचं चुंबकीय क्षेत्र दिलं की परत आला.

म्हणून चिकटवायचं तर फक्त एका टोकाला, बारीक ठिपका. दुसरं टोक मोकळं. उष्णता तारांमधून जाऊ द्या. आणि एकाच घाण्यातली दोन पाती घ्या, एक पूर्ण चिकटवलेलं, एक टोकावर. दोन्ही वक्र शेजारी ठेवले की ताणाने काय बदलतं ते विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसतं. प्रकल्पाच्या अहवालात हेच चित्र मला सगळ्यात मोलाचं वाटेल.

---

घणसोलीकर

हे नक्की करू. अतिसंवाहकतेसाठी कुठे जायचं?

---

शीतप्रवाह

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये द्रव हेलियमची सोय आहे, पवईला आयआयटी आहे. विद्यापीठातल्या आणि कॉलेजातल्या लोकांसाठी यूजीसी-डीएई कन्सोर्टियम आहे, त्याचं मुंबई केंद्र बीएआरसीत. अर्ज आधी करा, आणि अर्जासोबत एक्स-रे आणि ९४ केल्विनचा वक्र जोडा.

सीझियमवालं २.५ केल्विनला अतिसंवाहक होतं. हेलियम ४.२ ला उकळतो, म्हणून पंप लावून दाब उतरवावा लागतो. २.५ ला तो सुमारे १० किलोपास्कल असतो, १.८ केल्विनला १.६. तिथपर्यंत उतरताना तिसऱ्या हिश्शाहून जास्त द्रव उडून जातो, म्हणून रिकव्हरी लाइनशिवाय (उडालेला वायू परत गोळा करणारी नळी) पंप करू नका. पोटॅशियम आणि रुबिडियमवाली ०.९ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतात, त्यांना हेलियम-३ (आणखी थंड करता येणारं हेलियमचं हलकं समस्थानिक) लागतं. पहिल्या प्रकल्पाला सीझियमच घ्या.

विद्युतधारा आणि उष्णता यांचा हिशेब इथे वेगळा. १ ओमच्या जोडणीत १० मिलिअँपिअर म्हणजे १०० मायक्रोवॉट. २ केल्विनला पातं ठोकळ्याहून गरम राहतं आणि संक्रमण खाली सरकलेलं दिसतं. ०.१ आणि ०.३ मिलिअँपिअरला मोजून वक्र जुळतात का ते पाहा.

---

रेषातपास

एक सावधगिरी. तारा जोडायला इंडियम किंवा कथलाचा सोल्डर वापरला असेल तर ते स्वतःच अतिसंवाहक होतात: इंडियम ३.४ केल्विनला, कथील ३.७ ला, शिसं-कथलाचा साधा सोल्डर सुमारे ७ ला. रोधात त्या तापमानाला पायरी दिसली तर ती सोल्डरची. पात्याजवळ फक्त चांदीचा पेंट ठेवा.

आणि नुसता रोध शून्य झाला म्हणून थांबू नका. एक बारीक सलग वाट अतिसंवाहक झाली तरी रोध शून्य होतो. चुंबकन घ्या, क्षेत्र पात्याच्या प्रतलात ठेवा. क्षेत्र पात्याला लंब ठेवलं तर पातळ आकारामुळे आत पोचणारं क्षेत्र कित्येक पट फुगतं आणि नमुन्याचा किती भाग अतिसंवाहक आहे तो आकडा फसवा येतो.

---

मुक्तइलेक्ट्रॉन

आता तिसरा प्रश्न. सविस्तर लिहितो, कारण बातम्यांत हे फार सोपं करून सांगितलं जातं.

कागोमे जालक म्हणजे कोपऱ्यांनी जोडलेले त्रिकोण, मधे षटकोनी पोकळी, बांबूच्या जाळीदार टोपलीच्या विणीसारखं. १३५ मध्ये व्हॅनेडियमचे अणू असे बसतात. एका एककात तीन अणू. त्यामुळे ऊर्जापट्ट्यांत एक सपाट पट्टी, डिरॅकचे छेदबिंदू (जिथे दोन पट्ट्या छेदतात) आणि ब्रिलुआँ क्षेत्राच्या (इलेक्ट्रॉनांच्या संवेगाच्या नकाशाच्या) कडांच्या मधोमध व्हॅन होव्ह बिंदू (जिथे एकाच ऊर्जेला खूप अवस्था जमतात) येतात. हे व्हॅन होव्ह बिंदू फर्मी पातळीजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जेच्या वरच्या काठाजवळ, आहेत. असे तीन बिंदू एकमेकांशी जोडले की २×२ ची (दोन्ही दिशांना दुप्पट एककाची) सीडीडब्ल्यू स्वाभाविक वाटते, आणि तशीच ती दिसतेही.

अपारंपरिक म्हणजे जास्त तापमानाची अतिसंवाहकता, असं नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोडीची तरंगकृती जालकाची पूर्ण सममिती पाळत नाही, किंवा काळाची दिशा उलटवल्यावर तीच राहत नाही, तर ती अपारंपरिक. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत.

पहिला, सीडीडब्ल्यू अवस्थेत काल-उलट सममिती (काळाची दिशा उलटवली तरी अवस्था तीच राहणं) मोडते का? पोटॅशियमवाल्यावर म्यूऑनच्या (आतलं चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या कणाच्या) प्रयोगाने (२०२२) ‘होय’ कडे झुकणारा संकेत दिला, टनेलिंग सूक्ष्मदर्शकातही क्षेत्रानुसार बदलणारी लाट दिसली. केर परिणामात (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाचं वळण मोजून) काही गटांना वळण मिळालं. पण सॅग्नॅक पद्धतीच्या (उलटसुलट फिरणाऱ्या दोन प्रकाशकिरणांची तुलना) अतिसूक्ष्म मापनाने (२०२३) उत्स्फूर्त केर वळण सापडत नाही असं दाखवलं. हा वाद खरा आहे.

दुसरा, अतिसंवाहक गॅपमध्ये (इलेक्ट्रॉनांची जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेत) शून्यबिंदू, म्हणजे ती शून्य होणाऱ्या दिशा, आहेत का? सीझियमवाल्यावर उष्णतावहनाच्या एका मापनाने अगदी कमी तापमानालाही उरलेला भाग दाखवला, तो शून्यबिंदूंकडे बोट दाखवतो. उलट चुंबकीय भेदनखोलीचा कमी तापमानाला घातांकी कल, एनक्यूआरमधलं (अणुकेंद्रांच्या अनुनादाचं मापन) सुसंगती-शिखर आणि इलेक्ट्रॉनांचा मारा करून मुद्दाम केलेल्या अशुद्धींना दिलेला प्रतिसाद (२०२३), हे सगळं शून्यबिंदू नसलेल्या एस-लहरीकडे (साध्या, पारंपरिक जोडीकडे) जातं. त्याच वर्षी टँटलम आणि नायोबियम मिसळलेल्या स्फटिकांचा प्रकाश-उत्सर्जनातून गॅप थेट पाहिला, तोही बिनशून्यबिंदूचा.

माझं वजन असं: सीझियमवाल्याची जोडी बहुतेक बिनशून्यबिंदूची, एकाहून जास्त गॅपांची. ती ज्या सीडीडब्ल्यूच्या पोटात जन्मते ती मात्र साधी नाही. ‘कागोमे आहे म्हणून अपारंपरिक’ हे वाक्य अहवालात लिहू नका.

---

तप्तमूस

थोडा मतभेद, मुक्तइलेक्ट्रॉन. रुबिडियम आणि पोटॅशियमवाल्यांत म्यूऑनने साध्या दाबाला शून्यबिंदू असलेला आणि दाब वाढवून सीडीडब्ल्यू दबली की बिनशून्यबिंदूचा गॅप दाखवला आहे, तेही २०२३ चंच. मग ‘१३५’ म्हणून एकच निकाल का द्यायचा?

---

मुक्तइलेक्ट्रॉन

मान्य, आणि म्हणूनच वर ‘सीझियमवाल्याची’ असं लिहिलं. त्यात भर: पोटॅशियमवाल्यात पोटॅशियमची उणीव असली तर अतिसंवाहकताच बिघडते. गटागटांतल्या फरकाचं एक कारण स्फटिकातच आहे. मोजणाऱ्याने अणूंचं प्रमाण आणि पातं कसं बसवलं ते छापलं नसेल, तर त्या निकालाला मी कमी महत्त्व देतो.

---

कळवा_पूर्व

ग्लोव्हबॉक्स नसलेल्यांनी काय करावं, तेही लिहून ठेवतो. सीझियमच्या वाटेला जाऊ नये. लँथेनम-रुथेनियम-सिलिकॉन १३२ घ्यावं. तोही कागोमे अतिसंवाहक, ७ केल्विनच्या आसपास, म्हणजे पंपाविना साध्या हेलियममध्येच दिसतो. आर्क भट्टीत (विजेच्या ठिणगीने वितळवणारी) वितळवून होतो. रुथेनियम प्रमाणाहून थोडं जास्त घालावं लागतं, नाहीतर १२२ चा शेजारी पदार्थ वाढतो. रुथेनियम महाग आहे, म्हणून गोळी अर्ध्या ग्रॅमची करा, उलटसुलट करून पुन:पुन्हा वितळवा आणि वजनातली घट प्रत्येक वेळी नोंदवा.

---

घणसोलीकर

शेवटचं विचारतो. पुढच्या वर्षी दाबाचा सेल मिळण्याची शक्यता आहे. सीझियमवाल्यावर दाब दिला तर?

---

शीतप्रवाह

सर, तो भाग फार सुंदर आहे. दाबाने सीडीडब्ल्यू खाली येत येत २ गिगापास्कलच्या आसपास नाहीशी होते आणि अतिसंवाहकतेचं तापमान तिथे ८ केल्विनच्या आसपास पोचतं. मध्ये, १ गिगापास्कलच्या आत, आणखी एक छोटा उंचवटा आहे. दोन घुमट.

अडचण माध्यमात, म्हणजे सेलमध्ये दाब पोचवणाऱ्या द्रवात, येते. नेहमीचं डॅफ्ने ७३७३ तेल खोलीच्या तापमानाला २.२ गिगापास्कलला गोठतं, म्हणजे नेमकं तुम्हाला हवं त्या जागेच्या शेजारी. गोठलेल्या तेलातून दाब सगळीकडून सारखा येत नाही आणि वर मुक्तइलेक्ट्रॉननी सांगितलेला ताणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ७४७४ वापरा, ते ३.७ पर्यंत द्रव राहतं. दाब मोजायला शिशाचा तुकडा: साध्या दाबाला ७.२ केल्विन, दर गिगापास्कलला सुमारे ०.३६ ने खाली. थंड होताना सेलमधला दाब घसरतो, म्हणून खोलीत मोजलेला आकडा वक्रावर लिहू नका, शिशाने सांगितलेला लिहा. शिशाच्या तारा आणि पात्याच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवा. २ गिगापास्कलला दोघांची संक्रमणं ६.५ आणि ८ केल्विन अशी जवळ येतात.

पातं सेलमध्ये जाईल एवढंच, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कापा. ब्लेडने दाबून कापलं तर कडेचे थर सुटतात. वायर-सॉ वापरा, किंवा पातं सुईने षटकोनाच्या कडेच्या रेषेत हलकेच तोडा. त्याच पात्याचा उरलेला तुकडा साध्या दाबाला मोजण्यासाठी बाजूला ठेवा.